भिंतीला गूळपाणी

उंबराचं पाणी आटलं ते मार्गशीर्षात. खोलवडीच्या लोकांनी वैशाखातसुद्धा कधी तुटवडा पाहिला नव्हता, मार्गशीर्षात कुठून पाहणार? वाडीवरच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी एका जुन्या उंबराच्या मुळांतून हे पाणी बाराही महिने पडायचं. कळशी खाली ठेवावी, शेजारणीच्या सुनेबद्दल दोन वाक्यं बोलावीत आणि तिसरं सुरू करेपर्यंत कळशी भरलेली असावी, अशी त्याची धार. गेल्या दोन वर्षांत मात्र धार बारीक होत गेली. एका कळशीला आता अख्ख्या वाडीच्या सुना पुरत नाहीत, असं भागीकाकी म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. दोष सगळे पावसालाच देत होते. मग एका सकाळी भागीकाकी कळशी लावून बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मुळांखालचा दगड नुसता ओला होता.

तिने घरी येऊन पहिला फोन पुण्याला दर्शनाला लावला. आरोप वगैरे काही केला नाही. तुझ्या सड्यावरच्या घराचा आणि पाण्याचा काही संबंध आहे का, ते एकदा येऊन बघून जा, एवढंच म्हणाली. दर्शनाने हो म्हटलं. हा प्रश्न तिने स्वतःला दोन वर्षं विचारायचं टाळलं होतं.

दर्शना गोताड वास्तुरचनाकार होती. तिचं नाव ज्या एका घरामुळे झालं ते घर खोलवडीच्या सड्यावर होतं, म्हणजे खरं तर सड्याच्या पोटात होतं. तिचे वडील रावजी यांनी चाळीस वर्षं या सड्यावर जांभ्याचे चिरे तोडले. आधी पिकावाने, पुढे यंत्राने. त्यांनी तोडलेल्या चिऱ्यांची घरं पार कोल्हापूरपर्यंत उभी होती आणि सड्यावर तेवढेच खड्डे पडले होते. शाळेत असताना दर्शना ते चौकोनी खड्डे बघायची आणि तिला बापाच्या कामाची लाज वाटायची. मोठी झाल्यावर लाजेची जागा हट्टाने घेतली. जिथून दगड काढला तिथेच एक घर असं बांधायचं, की सड्याला आपला खड्डा भरल्यासारखं वाटावं.

तिला हवा होता तसा दगड डॉ. शाहीन काझी यांच्या प्रयोगशाळेत तयार होत होता. शाहीन सूक्ष्मजीवांवर काम करायच्या. जांभा म्हणजे लोखंडाच्या गंजाने एकमेकांना धरून ठेवलेली माती. निसर्गाला तो घडवायला लाखो वर्षं लागतात. शाहीननी एक जिवाणू असा घडवला, की तो साखर खाई, चिऱ्याच्या भुकटीतलं लोखंड विरघळवी आणि कणाकणांच्या मध्ये पुन्हा जमवून ठेवी. साच्यात भुकटी ठासायची, तिच्यातून नळ्यांनी खुराक फिरवायचा, आणि चाळीस दिवसांत भुकटीचा अखंड दगड. खाणींच्या कडेला अशा भुकटीचे ढीग वर्षानुवर्षं पडलेलेच होते. विटा भाजणं नको, सिमेंट नको, ट्रक नकोत.

जिवंत गोष्ट मोकळी सोडायची तर तिला वेसण हवी. ती शाहीननी घातली होती. या जिवाणूला एक जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नसे, ते खुराकातूनच द्यावं लागे. खुराक थांबला की आठवड्याभरात सगळे जिवाणू मरत आणि मागे दगड उरे. सड्यावर चुकून ते जीवनसत्त्व कशातून मिळेल का, हे त्यांनी कसून तपासलं होतं. शेण, पालापाचोळा, पावसाचं पाणी, सुकी मासळी, गुरांचं मूत, अशा चाळीस गोष्टी. कशातूनच मिळालं नाही.

घर झालं ते बघायला लांबलांबून माणसं आली. खड्ड्याच्या तीन बाजू रावजींनी कधी काळी तोडल्या तशाच ठेवल्या होत्या, यंत्राच्या दातांच्या रेघांसकट. चौथी भिंत, जमीन आणि छप्पर मात्र उगवलेल्या दगडाचं. छप्पर सड्याच्या पातळीत, त्यावर वीतभर माती. भाद्रपदात सड्यावर निळी इवली फुलं यायची, ती छपरावरही आली आणि सडा कुठे संपतो नि घर कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं. पहिल्यांदा टपाल घेऊन आलेला पोस्टमन घराच्या छपरावर उभा राहून गोताडांचं घर कुठे म्हणून हाका मारत होता. पावसाचं पाणी मुरायला वाट हवी, म्हणून दर्शनाने जमिनीखाली गोट्यांनी भरलेला चर ठेवला होता. जांभ्यातून झिरपत ते पाणी उंबराकडे जात असणार, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आपण काहीच विसरलो नाही, असं तिला वाटत होतं.

रावजी तिथे एकटेच राहू लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीने बांधलेल्या घरात राहतो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचे. फक्त एका गोष्टीवरून बापलेकीचं वाजलं होतं. एक्केचाळिसाव्या दिवशी कामगारांनी खुराकाच्या नळ्या काढल्या, तेव्हा भिंत अजून अर्धपोटी आहे, तिला आणखी द्या, असा धोशा रावजींनी लावला. दर्शनाने सगळ्यांदेखत त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

भागीकाकीच्या फोननंतर दर्शना आली तेव्हा रावजी पायऱ्यांवरच उभे होते. ती उंबरठ्यावर पोचताच एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा. ती शाळेतून यायची तेव्हापासूनचा हा रिवाज. ती आपोआप तळहात पुढे करायची, ते त्यावर खडा ठेवायचे, आणि तो तोंडात विरघळेपर्यंत घरात कुणी काही बोलायचं नाही. आजही तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी शाहीन गाडीतून यंत्रं घेऊन आल्या. भिंतीत आणि जमिनीत मिळून सात ठिकाणी बोटभर भोकं पाडली, उतारावर आणखी नऊ. भोकांत हिरवा रंग ओतून तो कुठे फुटतो ते बघितलं. तो कुठेच फुटला नाही. संध्याकाळी छपरावर बसून शाहीननी सांगितलं, की घराच्या जमिनीपासून उंबराच्या वर पन्नास पावलांपर्यंत जांभ्याचं छिद्र न् छिद्र बुजलं आहे. गोट्यांचा चर तर आता गोट्यांचा राहिलेलाच नाही, एकसंध दगड झालाय. जिवाणू मेलेले नाहीत. साडेतीन वर्षं ते मजेत जगताहेत आणि पाण्याच्या वाटेने खाली खाली चाललेत.

कोणीतरी त्यांना जेवू घालतंय, असं शाहीन म्हणाल्या. पण काय आणि कोण, ते त्यांना कळत नव्हतं.

दर्शनाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. घराच्या मागच्या कपारीत फडक्याने तोंड बांधलेलं एक मडकं होतं. फडकं सोडलं तर आंबूस, गोडसर वास नाकात शिरला. हा वास तिच्या ओळखीचा होता. तिचा आजा तानू गवंडी देवळाची भिंत सांधत होता तेव्हा अंगणात असं मडकं असायचं. गूळ, हिरडा आणि बेलाचा गर पाण्यात पंधरा दिवस आंबवायचा आणि ते पाणी चुन्याला पाजायचं. त्याशिवाय भिंत धरत नाही, असं आजा म्हणायचा. ती मडक्यापाशी उकिडवी बसली.

रावजी मागे येऊन उभे राहिले. पकडलं गेल्यासारखे थोडे वरमले, पण बोलायला लागल्यावर त्यांच्या आवाजात अभिमान लपेना. नळ्या काढल्या त्याच आठवड्यात छपराच्या सांध्याला केसाएवढी भेग गेली होती. मुलीला कळवलं असतं तर ती रागावली असती. म्हणून नळ्या होत्या तेव्हाच आंबत लावलेलं आज्याचं मडकं त्यांनी सोडलं आणि त्या भेगेला पाजलं. पंधरा दिवसांत भेग बुजली. मग दर सकाळी भिंतीला एक तांब्या, जमिनीला एक तांब्या, असं ते देतच गेले.

"दारात आलेल्या परक्यालाबी आपन गूळपानी देतो," ते म्हणाले. "हितं तर घरच जितं हाय, असं तूच म्हनालीस. जित्याला उपाशी ठेवून मी त्याच्या पोटात कसा निजू, बाय?"

 शाहीनना दर्शनाने मडक्यातलं पाणी बाटलीत भरून दिलं. त्यांनी ते गाडीतल्याच यंत्रांवर तपासलं. गूळ आंबतो तो यीस्टमुळे, आणि यीस्ट आंबताना नेमकं तेच जीवनसत्त्व तयार करतं. साखर आणि जीवनसत्त्व, दोन्ही एकाच मडक्यात.

"आम्ही चाळीस गोष्टी तपासल्या," शाहीन म्हणाल्या. "पण कोणीतरी मायेने भिंतीला खाऊ घालेल, हे आमच्या यादीत नव्हतं."

उपाय होता, पण तो सोपा नव्हता. आधी जिवाणू उपाशी मारायचे. ते मेल्याशिवाय दगडाला हात लावण्यात अर्थ नव्हता, कारण फोडलेला चुरा पुन्हा सांधला गेला असता. मग बुजलेला पट्टा कापून काढायचा, म्हणजे आधी घराची जमीन, मग भिंत, आणि तिच्यावर तोललेलं छप्पर. घराचं काहीच उरणार नव्हतं. दर्शनाने त्याबद्दल एका शब्दानेही वाद घातला नाही. घराचं तिला वाईट वाटलं, पण तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. ज्या पाण्यावर बाप लहानाचा मोठा झाला ते त्याच्याच हाताने आटलं, हे त्याला कळता कामा नये. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने एवढं ओझं घेऊन कसं जगायचं?

म्हणून तिने वाडीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की चूक माझी आहे, माझ्या घराच्या रचनेत खोट राहिली. लोकांनी ऐकून घेतलं. टँकर कधीपासून येणार तेवढं विचारलं आणि घरी गेले. वडिलांना तिने सांगितलं, की भिंतीला नवं औषध दिलंय, त्यावर गूळपाणी चालत नाही, तेव्हा बंद ठेव. ते लगेच हो म्हणाले. शाहीननी त्यांना खरं सांगून टाकायचा आग्रह धरला होता, पण दर्शनाने त्यांना गप्प केलं आणि ती पुण्याला परत गेली.

पंधरा दिवसांनी शाहीनचा फोन आला. जिवाणू मरायला हवे होते. ते पूर्वीपेक्षा जास्त झाले होते, आणि सगळ्यात जास्त होते तपासणीसाठी पाडलेल्या त्या सात भोकांत.

ती दुपारच्या एसटीने पोचली. रावजींनी गूळ पुढे केला, पण तिने तळहात पुढे केला नाही. त्यांना घेऊन ती छपरावर गेली. माघ लागला होता, फुलं कधीच वाळून गेली होती आणि सडा लांबपर्यंत काळा पडला होता. भोकांना गूळपाणी दिलंस का, असं तिने विचारलं. दिलं, असं ते सरळ म्हणाले. घराच्या अंगाला सात ठिकाणी टोचलेलं त्यांना बघवलं नव्हतं. औषध आपल्या जागी, पण जखमेला काहीतरी नको का? आणि बघ, चार भोकं तर भरूनसुद्धा आली.

मग तिने सांगितलं. जिवाणू, यीस्ट, चर, उंबर, सगळं, काहीही गाळलं नाही. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. दगडाच्या पापुद्र्यावर बोटाने रेघा ओढत होती. 

"पार उंबरापातूर?" रावजींनी विचारलं.

तिने मान हलवली.

"भागीला ठावं हाय?"

नाही, असं ती म्हणाली. रचनेतली खोट म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलंय, हेही सांगितलं.

रावजींनी हातातला गुळाचा खडा बघितला. तिने तो घेतला नव्हता, आणि तो तसाच त्यांच्या मुठीत राहून चिकट झाला होता. "घर तुजं," ते म्हणाले. "चूक माजी. दोनी तू घेऊ नको, बाय."

तसेच उठून ते सडा उतरून उंबराशी गेले. टँकरची वाट बघत बायका कॅन घेऊन रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे उभं राहून रावजींनी, मडकं मी लावलं आणि पानी मी आटवलं, एवढं सांगितलं. दर्शना मागे थोड्या अंतरावर थांबली होती. कोणीतरी ओरडेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.  पण भागीकाकीने, रावजीदादा, दुपारचा जेवलास काय, एवढंच विचारलं. त्यावर मात्र रावजी तिथेच जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. दर्शनाने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही.

फाल्गुनात जिवाणू मेल्याचं शाहीननी कळवलं. यंत्र घेऊन माणसं आली, पण पहिला घाव रावजींनी घातला. चाळीस वर्षांपूर्वीचा पिकाव त्यांनी अडगळीतून शोधून काढला होता. उगवलेला दगड मूळ जांभ्यापेक्षा कठीण होता. चार घाव घातले की ते टेकायचे आणि पुन्हा उठायचे. माणसांनी नको म्हटलं, दर्शनाने हात धरला, पण ते ऐकणाऱ्यातले नव्हते. ही खाण माझीच आहे, असं ते म्हणत आणि पुढचा घाव घालत. छप्पर उतरवलं त्या दिवशी त्यावरच्या मातीत फुलांचं बारीक बी होतं. दर्शनाने ती माती पाटीत भरून बाजूच्या कातळावर पसरली. मग ती कोपऱ्यात जाऊन आपल्या घरासाठी एकदाच रडली आणि तोंड धुऊन पुन्हा कामाला लागली.

वैशाखाअखेर तिथे घर नव्हतं. मूळचा चौकोनी खड्डा होता, पूर्वीपेक्षा खोल, आणि त्याच्यापासून उतारावर एक लांब चर. काढलेले चिरे काठावर रचून ठेवले होते. ते कुणी नेले नाहीत. रावजी खाली वाडीत भागीकाकीच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

पावसाळ्यात काही कळायला मार्ग नव्हता, तेव्हा सगळीकडूनच पाणी वाहतं. भाद्रपद गेला, आश्विन गेला, ओहोळ एकेक करून थांबले. लोक रोज उंबराकडे बघायचे आणि रोज काही बोलायचं टाळायचे. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा मुळांखालून सुतळीएवढी धार पडत होती. एवढंच आलं. बाकीचं पाणी दुसरी वाट शोधून येईल की येणार नाही, ते शाहीनना सांगता येईना. कदाचित दहा वर्षांनी, असं त्या म्हणाल्या.

दर्शना गावी आली ती आधी उंबराकडे गेली. रांगेतल्या बायकांनी तिला पुढे घेतलं. कळशी लावून ती बसली, आणि भरेपर्यंत सगळ्यांच्या सगळ्या सुना बोलून झाल्या. ती कळशी कमरेवर घेऊन ती घरी आली. रावजी उंबरठ्यावर बसले होते. झऱ्यावर ते गेले नव्हते, वर्षभरात एकदाही नाही.

तिने कळशी त्यांच्यापुढे ठेवली. उंबराचं आहे, म्हणाली.

त्यांनी आत वाकून बघितलं, पण हात लावला नाही. "किती वेळ लागला भरायला?"

"अर्धा तास."

"मग ही भागीकडं नेऊन दे. तिच्यात मानसं जास्ती हायत."

बाबा, एक घोट तरी घे, असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. मग ती कळशी उचलून शेजारी देऊन आली. ती परत आली तेव्हा ते उठून आत गेले होते आणि टँकरच्या पिंपातलं पाणी तांब्यात भरून घेऊन येत होते. तिने उंबरठ्यावर तांब्या घेतला आणि दुसरा तळहात पुढे केला. तिने मुद्दाम केला नव्हता, तीस वर्षांची सवय होती ती.

रावजी त्या मोकळ्या तळहाताकडे बघत राहिले.

"गूळ नाय ठेवत मी आता, बाय," ते म्हणाले.

तिने हळूच मूठ मिटली आणि पाणी प्यायली.